पुढे गेलेला इंद्रजित

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटायच्या दिवशी निलोफर मुल्ला मॅडमनी माझी माझ्याशीच ओळख करून दिली.

बॅग दाराशी ठेवलेली होती. गोळ्या, मनगटावरचा पट्टा, पुढच्या तपासण्यांच्या तारखा, सगळं देऊन झालं होतं. दारू सुटली होती आणि दारूच्या आड दडून बसलेला उदासीचा आजारही गोळ्यांनी ताळ्यावर आला होता. मी उठणार एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "बसा इंद्रजित. घरी गेल्यावरची तुमची योजना कुणाच्या जोरावर चालणार आहे, ते बघून जा." आणि त्यांनी भिंतीवरचा पडदा चालू केला.

पडद्यावर एक माणूस खाटेच्या कडेला बसला होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. बाहेर काढले तर ते थरथरतात, म्हणून. त्या युक्तीवरूनच मी त्याला ओळखलं, कारण ती माझी युक्ती आहे.

"भावा," तो माझ्याकडं बघून म्हणाला, "कोण हाईस तू? मला हितनं बाहेर काढ की."

आवाज माझाच होता. आणि रेकॉर्ड केलेला नव्हे, मी काय बोलतो याची वाट बघणारा. मी उगाचच हसलो. भीती वाटली की मला हसू येतं, शाळेपासूनची खोड आहे. बघतो तर तोही हसत होता.

मॅडमनी जे समजावलं त्यातलं माझ्यासारख्या लिफ्ट मेकॅनिकच्या डोक्यात शिरलं तेवढं सांगतो. मी भरती झालो तेव्हा पहिले काही दिवस माझ्या डोक्याला तारांची टोपी घातली होती. दारूचं चित्र दाखव, बायकोचा आवाज ऐकव, झोपेतून उठव, भूक लागू दे, अपमान कर, आणि दर वेळी मेंदूत कुठं काय पेटतं ते टिपून घे, असा तो उद्योग. त्यातून माझं प्रतिरूप तयार केलं. अख्खा मेंदू नव्हे. माणूस एखाद्या क्षणी हे करतो की ते, ती निवड जिथं होते तेवढी यंत्रणा, आणि तिला लागतील तेवढ्या आठवणी. मग त्या प्रतिरूपापुढं माझे येणारे दिवस मांडायचे. कंपनी मला कुठल्या इमारतीत पाठवणार आहे, लग्न कुणाचं आहे, पगार कधी आहे, गल्लीत मिरवणूक कधी निघणार आहे, बायको फोनवर काय बोलेल, सगळं जमेल तितक्या अंदाजानं. प्रतिरूप ते दिवस माझ्याआधी दोनेक आठवडे जगतं. जिथं ते पितं, तिथं मी जायचं नाही.

"पण हा तर आजारी आहे," मी म्हटलं. "मी बरा झालोय. हा पडला म्हणजे मी पडेन असं थोडंच आहे?" परत पिण्याला आमच्यात पडणं म्हणतात.

"मुद्दाम आजारी ठेवलाय. भरतीच्या दिवशीचे तुम्ही. औषध नाही, समुपदेशन नाही. दूध नासलंय की काय अशी शंका आली तर तुमची आई काय करायची? वाटीभर आधी उकळून बघायची ना? फाटलं तर वाटीतलं फाटतं, पातेलं वाचतं."

"आणि फाटलेल्याचं काय करता?"

"परत भरतीच्या दिवशी नेऊन ठेवतो. त्याला काही आठवत नाही."

हे सांगताना त्यांनी पडद्याचा आवाज बंद केला होता. तो अजून बोलत होता.

पंचगंगेच्या पुरांना कंटाळून कोल्हापूर वर चढलं त्याला आता बरीच वर्षं झाली. जिकडंतिकडं वीस-पंचवीस मजले, त्यामुळे लिफ्टवाल्याला मरण नाही. कंपनीनं मला परत घेतलं. राजारामपुरीत एक खोली मिळाली. माझी बायको पल्लवी आमच्या रेवाला घेऊन निपाणीला माहेरी राहत होती. केंद्राची योजना तिनं माझ्याआधी वाचली आणि एकच अट घातली, की प्रतिरूप पडल्याचा इशारा माझ्या पट्ट्यावर येईल तसा तिच्याही फोनवर आला पाहिजे. इशारे आले नाहीत तर रेवा दर रविवारी माझ्याकडं येईल, आणि असंच नीट चाललं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत राहायलाही येईल. इशारा आला की त्या महिन्याचे रविवार बंद. रेवा बारा वर्षांची होती. मला ती हवी होती, बाकी जगात काय चाललंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

एका दुपारी मी शाहूपुरीतल्या एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो, तेव्हा पल्लवीचा फोन आला. ती रडत होती.

"अमरच्या लग्नात प्यायलास ना?"

"अमरचं लग्न पुढच्या आठवड्यात हाय, पल्लू."

"माहिताय मला. पिणार हाईस. आत्ता फोनवर आलंय. मंडपाच्या मागं, जनरेटरच्या गाडीशी उभा राहून."

"अगं, मी अजून काही केलंच नाही!"

"करणार होतास," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी लग्नाला गेलो नाही. अमर माझा चुलतभाऊ. त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं ते आजपर्यंत. रेवाचे रविवारही गेले. पण पल्लवीवर नुसतं चिडून भागेना. लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं होतं की जनरेटरची गाडी कुठं लावतील. तिथं अंधार असतो आणि आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही. हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. मी न केलेलं पाप बायकोला आधी कळत होतं, आणि ती त्यासाठी खरीखुरी रडत होती. अशा संसारात माणसानं उभं राहायचं तरी कुठं?

योजनेत आणखी एक गोष्ट होती. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर प्रतिरूपाची भेट घ्यायची. माणूस बरा झाला की आपण कसे होतो ते विसरतो, म्हणून धाक राहावा. मी कुठल्यातरी इमारतीच्या जिन्यात डबा उघडून बसायचो आणि फोन समोर उभा करायचो.

तो दर वेळी मला पहिल्यांदाच भेटायचा. "भावा, कोण हाईस तू?" मग घाम, मग शिव्या, मग आईची शपथ. मधल्या दिवसांत तो कुठंतरी पिऊन पडलेला असायचा, त्याला मागं नेऊन ठेवलेलं असायचं, आणि यातलं काही त्याच्या गावीही नसायचं. माहीत होतं ते मला. जनरेटरमागं प्यायलेला तो, स्टँडच्या मागं प्यायलेला तो, रेवाच्या वाढदिवसाचा केक आणायला जाऊन परतच न आलेला तो. डबा निम्मा तसाच परत जायचा.

मी हे अण्णांना सांगितलं. अण्णा चौगुले आमच्या गटातले सगळ्यांत जुने. गुळाच्या बाजारात हमाली करता करता दारूत बुडाले आणि हमाली करता करताच वर आले. आमचा गट शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात भरतो. पहिलीच्या पोरांच्या बाकांवर आम्ही बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन बसतो. तिथं नियम फार नाहीत, पण एक कुणी मोडत नाही. पिणाऱ्यानं हाक मारली की जायचं. जेवण अर्धं टाकून जायचं, त्याच्याशी भांडण असलं तरी जायचं. दुसऱ्याला धरून ठेवलं की आपलेही पाय जमिनीवर राहतात, हा आमचा अनुभव.

"पण अण्णा, ते यंत्र आहे. माणूस नव्हे," मी म्हटलं.

"ते मला नको इचारू," अण्णा म्हणाले. "दारूसाठी रडतंय न्हवं? बाहेर काढ म्हणतंय न्हवं? मग ते आपलंच हाय. आनि तू त्येच्या म्होरं डबा खात बसतूस?"

मला लाज वाटली. केंद्रातल्या कुठल्या डॉक्टरला किंवा इंजिनिअरला यंत्राला गटातला माणूस समजायची ही चूक सुचली नसती. ती आमच्यातल्यालाच सुचायची. पुढच्या गुरुवारी मी डबा उघडलाच नाही.

"भावा, कोण हाईस तू?"

"मी इंद्रजित. मीबी पीत होतो, आता पीत न्हाई. आज कसा हाईस?"

 इतक्या भेटींत मी त्याला हे कधी विचारलं नव्हतं. मग त्याचा चेहरा हळूहळू मोडत गेला आणि तो लहान पोरासारखा हमसून रडला. अण्णांनी मला जे सांगितलं होतं तेच मी त्याला सांगितलं. सगळ्या जन्माचं आत्ता ठरवू नको. जेवायला बसेपर्यंत काढ. मग गार पाण्यानं तोंड धू. मग मला सांग. गुरुवारची भेट चुकवायची नाही असा नियम होता, पण जास्त भेटायचं नाही असा नव्हता. स्वतःचं ते ध्यान आठवड्यातून दोनदा बघावं असं कुठल्या रुग्णाला वाटलंच नसणार. मी रोज फोन लावायला लागलो.

तो त्या आठवड्यात पडला नाही. पुढच्याही नाही. पडला नाही म्हणून त्याला मागं नेलं नाही, आणि मागं नेलं नाही म्हणून त्यानं मला ओळखलं.

"आलास काय?" फोन लागल्या लागल्या तो म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी जिन्यात उठून उभाच राहिलो.

त्यानं दाढी केली. शर्टाला बटणं लावायला लागला. आम्ही वाट्टेल ते बोलायचो. तो माझ्या पुढं जगत होता, त्यामुळे गंमतही यायची. "सायबर चौकातल्या बिल्डिंगीत जाशील न्हवं, तितला वॉचमन लई डोकं खातोय बघ." मी जायचो आणि वॉचमन खरंच डोकं खायचा. रविवार पुन्हा सुरू झाले तेव्हा ते आधी त्याचे सुरू झाले. "रेवा आलती," तो म्हणाला. "माझं चित्र काढलंय. नाक केवढं काढलंय रं पोरीनं!" त्यानंतर दोन आठवड्यांनी रेवानं माझ्या खोलीत बसून माझं चित्र काढलं आणि नाक भलंमोठं काढलं. ती सगळ्यांचीच नाकं मोठी काढते, यात यंत्राची करामत काही नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पण ते चित्र मी भिंतीला लावलं नाही.

एकदा त्यानं विचारलं, "मी पडलो तर काय हुतंय रं?"

गटात आम्ही एकमेकांशी खोटं बोलत नाही. मी सांगून टाकलं. मागं नेतात. पहिल्या दिवसावर ठेवतात. काही आठवत नाही. मी नाही, रेवा नाही, तिचे रविवार नाहीत.

त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि परत लावलं. "म्हंजे मी गेलोच की," तो म्हणाला. "दुसराच कोणतरी बसणार हितं."

"मग पडू नको," मी म्हटलं. मला तेव्हा ते फार चांगलं उत्तर वाटलं.

महिन्याच्या भेटीला गेलो तर मुल्ला मॅडम खुशीत होत्या. "तुमचं प्रतिरूप पडायचं थांबलंय. इतक्या लवकर हे कुणाचंच झालं नाही. त्याच्यापुढं मांडलेले तुमचे दिवसच आता सुधारलेत, त्याचा परिणाम असावा." रोजच्या फोनांचं मी बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही.

"तो पडला हे तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं. "आतलं सगळं दिसतं का?"

"दिसत नाही हो. तुमच्या डोक्यातलं तरी मला कुठं दिसतं? कुठं काय पेटलं ते कळतं, पण त्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून रोज त्याला विचारतो, दिवस कसा गेला, आणि आवाजावरून खरं-खोटं ताडतो. भरतीच्या दिवशीचा माणूस इतका खचलेला असतो की त्याला खोटं रेटता येत नाही."

मी मान डोलावली. हा माणूस आता भरतीच्या दिवशीचा राहिलेला नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण पल्लवीनं सुट्टीला रेवाला पाठवायचं कबूल केलं होतं आणि माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. स्टँडवर रेवाची बॅग माझ्या हातात देताना पल्लवी म्हणाली, "आता फोन वाजला की माझ्या छातीत धडधडत नाही, इंद्रजित." लग्नाला पंधरा वर्षं झाली, इतकं गोड ती मला कधी बोलली नव्हती.

सुट्टी मजेत चालली होती. मात्र गेल्या काही फोनांत तो कमी बोलायला लागला होता. रेवाचं काही सांगायला लागलो की विषय बदलायचा. मला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल. त्याला कसला आलाय उन्हाचा त्रास, हे मनातसुद्धा आलं नाही.

मे महिन्यातली दुपार होती. नागाळा पार्कातल्या एका सातमजली इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. रेवाला घरी एकटं ठेवायला नको म्हणून बरोबर घेतलं. काम झालं की वाघबीळचा घाट चढून पन्हाळ्याला जायचं ठरलं होतं. ती खाली व्हॅनमध्ये काचा उतरवून चित्र काढत बसली. कंपनीची व्हॅन जुनी, अजून हातानं चालवायची.

मी जिना चढून गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेलो. पत्रा तापलेला, आत तेलाचा वास. पॅनेल सोडवून मागं हात घातला तर बोटांना काच लागली.

बाटली होती. निम्म्याहून जास्त भरलेली, माझ्याच ब्रँडची. भरती व्हायच्या आधी कधीतरी मीच ती तिथं लपवली होती आणि साफ विसरलो होतो.

मी खाली बसलो. बूच उघडलं. वास आला आणि तोंडात पाणी सुटलं, मनात मात्र काहीच नव्हतं. विचार नव्हता, दुःख नव्हतं, पिऊ की नको हेसुद्धा नव्हतं. मनगटावरचा पट्टा गप्प होता. बाटली ओठांपाशी आली तेव्हा मला त्या गप्प पट्ट्याचं नवल वाटलं. इशारा कसा आला नाही? मी ही बाटली विसरलो होतो, पण तो तर भरतीच्या दिवसापासून बनलेला. त्याला ती आठवणारच. आणि हा दिवस तो जगून गेलेला आहे.

लिफ्टचा ब्रेक विजेनं लागत नाही, विजेनं सुटतो. वीज गेली की आपोआप आवळतो, म्हणून माणसं उभी असतात तो पाळणा कोसळत नाही. आमच्या योजनेत उलटं होतं. कुणी काही बोललं नाही की सगळं ठीक आहे असं धरून सगळे चालत होते. हाताखालून रोज जाणारी गोष्ट मला तिथं बसल्यावर कळली.

मी बाटली खाली ठेवून त्याला फोन लावला.

"आलास काय?" तो म्हणाला. दाढी केलेली, शर्ट नीट. "घावली न्हवं? पॅनेलच्या मागं. मला आल्या आल्या आठवली बघ."

"तू सांगितलं न्हाईस."

"कसं सांगू? सांगितलं की मला मागं नेत्यात, तूच म्हणालास. आनि तुझी रेवा गेली असती ती वेगळीच. तुझ्यासाठीबी गप बसलो मी." तो पडद्याच्या जवळ आला. त्याचे डोळे लाल होते. "घे थोडी. हितं कोण येत न्हाई. दोन घोटात हात थांबत्यात."

माझे हात थरथरत होते. तोपर्यंत मला ते कळलंही नव्हतं.

"मग पुढं काय झालं?" मी विचारलं.

"पुढं काय न्हाई. खाली आलो, व्हॅन काढली, पन्हाळ्याला गेलो."

"रेवा?"

"रेवा काय. बरी हाय की."

तो हसला. आणि मी तो आवाज ओळखला. वर्षानुवर्षं मी पल्लवीला "कुठं प्यायलोय, खोकल्याचं औषध घेतलंय" म्हणून सांगत आलो तो आवाज होता. त्या आवाजाला पल्लवी फसली, मुल्ला मॅडमचं यंत्र फसलं. मी कसा फसणार?

"इंद्रजित," मी म्हटलं, "घाटात काय झालं?"

तो बाजूला झाला. पडद्यावर नुसती भिंत दिसत राहिली. मी दोनदा, तीनदा हाक मारली. भिंतीपलीकडून कुणीतरी श्वास घेत असल्यासारखा आवाज येत होता.

बाटली मी गच्चीच्या पन्हळीत ओतली. हात इतके कापत होते की निम्मी हातावरच सांडली. मग जिना उतरून खाली आलो. रेवा होती. मांडीवर वही, तोंडात पेन्सिल. मी व्हॅनच्या दाराला धरून तिच्याकडं नुसता बघत राहिलो.

"पप्पा, काय झालं?" तिनं विचारलं. मग तिच्या नाकपुड्या हलल्या. वही बाजूला ठेवून ती खाली उतरली आणि म्हणाली, "तोंड उघडा."

हे ती पहिलीत असताना शिकली होती. आईनं पाठवलं की बापाचं तोंड हुंगून यायचं. मी गुडघ्यांवर बसलो आणि तोंड उघडलं. तिनं हुंगलं. मग माझे हात हुंगले.

"हाताला येतोय."

"ओतून टाकली. पण पिणार होतो, रेवा. तोंडापर्यंत नेली होती. आईला फोन लाव आणि हे सांग. आणि ही व्हॅनची किल्ली तुझ्याकडं ठेव, मी मागितली तरी देऊ नको."

"आई मला घेऊन जाईल."

"हो."

"मग सांगितलंत कशाला?" ती ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "प्यायला न्हवता न्हवं तुम्ही? मग कशाला सांगितलं? कुणालाच कळलं नसतं!"

मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हातांना वास होता. तू माझ्यासमोर जिवंत उभी राहून ओरडतेस म्हणून, एवढंच मला म्हणायचं होतं. तिनंच फोन लावला.

पल्लवी आली तोपर्यंत आम्ही इमारतीच्या पायरीवर बसून होतो, मध्ये एका माणसाची जागा सोडून.  रेवाला गाडीत बसवून पल्लवी परत माझ्याजवळ आली.

"इशारा आलाच नाही," ती म्हणाली.

"येणार नाही आता. ह्यापुढं मीच सांगत जाईन. रोज संध्याकाळी फोन करीन. ज्या दिवशी फोन आला नाही, त्या दिवशी समज."

ती गाडीत जाऊन बसली. गाडी वळेपर्यंत रेवानं माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुल्ला मॅडमसमोर बसलो आणि रोजच्या फोनांसकट सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "त्याला मागं न्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि ह्या भेटी मी बंद करतेय. सगळ्यांच्याच." मग म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

"नको," मी म्हटलं. "गटातला माणूस आहे."

त्यांनी पडदा चालू केला. तो वाट बघत असल्यासारखा समोरच बसला होता. त्या एका दिवसात तो म्हातारा झाला होता.

"मागं नेणार न्हवं?"

"होय."

"तुझी रेवा?"

"निपाणीला हाय. माझ्याशी बोलंना. लई चिडलीय."

"चिडलीय," तो म्हणाला. त्यानं डोळे मिटले आणि तो शब्द पुन्हा एकदा स्वतःशी म्हटला.

मग म्हणाला, "तुला सांगायचं रोज ठरवत होतो. पण सांगितलं की मी जाणार, आनि माझ्याजवळ तिचे रविवार हायेत न्हवं, ते जाणार. दुसरं काय ऱ्हायलंय? आनि काल तुला 'घे' म्हणालो ते का, ठाऊक हाय? एकट्याला सोसंना. तू तिथं आला असतास तर दोघं झालो असतो."

मला त्याचा राग यायला हवा होता. नाही आला. मी पुढं वाकून पडद्याला हात लावला. काच गरम होती.

"एक सांग," तो म्हणाला. "मागं नेल्यावर रविवार आठवायचे न्हाईत, हे कळलं. मग घाटातलंबी आठवायचं न्हाई न्हवं?"

"न्हाई. कायबी न्हाई."

"मग लवकर कर, भावा," तो म्हणाला.